ब्याऐंशी टक्के

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबली तेव्हा तिच्या कडेवर तीन लिटरची पिचकारी होती. कडेवर म्हणायचं ते अशासाठी, की ही पिचकारी चांगली हातभर लांब आणि जड असते, आणि तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांनी सांभाळूनच न्यावी लागते. लिफ्टने आधी एक आचका दिला, मग दुसरा. दुसऱ्या आचक्याला पिचकारी तिच्या हातून निसटली आणि लोखंडी तळावर दाणकन आपटली.

तिने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, दट्ट्या एकदा बाहेर ओढला, एकदा आत ढकलला. कुठे चीर नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला. पिचकारी पडली तर तिचं माप पुन्हा तपासून घ्यावं, असा नियम तिच्या खोलीच्या भिंतीवरच लावलेला होता. पण त्या क्षणी ती भिंत अर्धा मजला वर होती आणि वरून कुणीतरी दारावर ठोकत होतं.

"आत किती जण आहेत?" पुरुषाचा आवाज आला.

"एक."

"घाबरलात का?"

"नाही. उशीर होतोय."

"मग थांबा जरा. घाबरलेल्याला घाईने काढावं लागतं... उशीर झालेल्याला सावकाश काढलं तरी चालतं."

दार सरकलं. चौथ्या मजल्याची फरशी तिच्या छातीइतक्या उंचीवर होती, त्यामुळे तिला आधी दिसले ते बूट, मग गुडघा, आणि मग खाली वाकलेला चेहरा. कपाळावर काळ्या ग्रीसचा एक पट्टा होता आणि त्याच्याखाली हसू. त्याने हात पुढे केला. तिने त्या हातात पिचकारी दिली.

"हे काय? सायकलचा पंप?"

"हवेचं माप आहे. तीन लिटर. जपून धरा."

"आणि तुम्हाला?"

"मलाही जपूनच," ती म्हणाली आणि आपण हे काय बोललो म्हणून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने ते ऐकलं नसल्यासारखं केलं आणि तिला अलगद वर ओढून घेतलं. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास, आणि त्याच्यामागे दुसरा एक वास होता. तो तिच्या रोजच्या ओळखीचा.

"दिवसाला किती?" तिने ओढणी झटकत विचारलं.

"काय किती?"

"सिगारेटी."

तो जरा गोंधळला. "दहा... बारा. तुम्हाला कसं—"

"नाक आहे मला. वय?"

"चौतीस."

"कधीपासून ओढता?"

"एकोणिसाव्या वर्षापासून. मॅडम, तुम्ही आधी पोलिसांत होता का?"

"नाही. या टोकाच्या खोलीत आहे. मंगळवारी दहा वाजता या, उपाशी नाही आलात तरी चालेल. पोटभर खाऊन मात्र येऊ नका."

एवढं बोलून ती पिचकारी कडेवर घेऊन निघून गेली. लिफ्टवाला बराच वेळ तिथेच उभा होता, असं नंतर कळलं. त्यावेळी तिने मागे वळून पाहिलं नाही. वळून बघावंसं मात्र वाटलं होतं.

टोकाच्या त्या खोलीत एक यंत्र होतं, एक पाठ सरळ ठेवणारी खुर्ची होती आणि काचेचं दार होतं. रुग्णालयाने सिगारेट ओढणाऱ्यांसाठी ती तपासणी चालवली होती, आणि तीही ज्यांना अजून काही त्रास नाही अशांसाठी. दम लागायला लागला, खोकला मुक्कामाला आला, म्हणजे सगळेच डॉक्टरकडे धावतात. पण तोवर फुफ्फुसांचा बराच भाग हातचा गेलेला असतो. त्याच्या आधीच्या वर्षांत, माणूस धडधाकट दिसत असताना, आत काही बिघडायला लागलंय का, ते शोधायचं होतं. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा सोडायचा. वय आणि उंची धरून जेवढी हवा निघायला हवी, तिच्या किती टक्के निघाली ते यंत्र सांगे. ऐंशीच्या वर असेल तर वर्षाने या. खाली असेल तर पलीकडच्या खोलीतली दुसरी चाचणी. ती अगदी बारीक नळ्यांपर्यंत पोचणारी.

माणसं श्वास पूर्ण सोडत नाहीत, हातचं राखून सोडतात. म्हणून तिला ओरडावं लागे. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका, अजून आहे आत!" तिचा आवाज कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. अख्ख्या मजल्यावर तिचं नाव फुंका बाई पडलं होतं, आणि तिने ते केव्हाच अंगवळणी पाडून घेतलं होतं.

मंगळवारी दहाला लिफ्टवाला आला. दाढी करून, कपाळ धुऊन आला होता. दोन्ही लिफ्टची मोठी दुरुस्ती निघाली होती आणि त्याचं इथलं काम सात-आठ आठवडे चालणार होतं.

"खरं सांगू का, फुंका मॅडम," तो खुर्चीत बसत म्हणाला, "मी तपासून घ्यायला नाही आलो. तुम्ही दहा वाजता म्हणालात म्हणून आलो."

"नाकाला चिमटा लावा. मग बोलताच येणार नाही."

"त्याआधी एक पैज. ऐंशीच्या खाली आलो तर सिगारेट सोडली. वर आलो तर तुम्ही माझ्याबरोबर समोर चहाला यायचं. रोज. मी इथे असेपर्यंत."

"ही पैज नाही. ही हमाली आहे."

"घाबरलात?"

तिने त्याच्या नाकाला चिमटा लावला. जरा घट्टच लावला. मग ती ओरडली आणि तो फुंकत राहिला. तिसऱ्या खेपेला त्याचे डोळे पाण्याने भरले, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि तो तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की ती मधेच एक "अजून" म्हणायला विसरली. यंत्राने आकडा दिला. ब्याऐंशी टक्के.

"पास झालात," ती म्हणाली. आपल्याला बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं, आणि ते कशाचं बरं वाटलं, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

समोरच्या कँटीनमध्ये खिडकीजवळ दोघांपुरतं एक टेबल होतं. पहिल्या आठवड्यात ते टेबल त्यांना रोज मिळालं. दुसऱ्या आठवड्यापासून कँटीनवाला ते दुसऱ्या कुणाला देईना. लिफ्टवाला बोलका होता आणि ती ऐकणारी होती. तो सांगायचा, लिफ्ट कधी पडत नाही, लोकांना उगाच वाटतं. लिफ्टचं खरं दुखणं म्हणजे ती मजल्याशी बरोबर थांबत नाही. अर्धा इंच वर नाहीतर अर्धा इंच खाली. माणूस ठेचकाळतो आणि दोष स्वतःच्या बुटाला देतो.

एकदा त्याने वडिलांविषयी सांगितलं. तेही लिफ्टचंच काम करायचे. "आमच्या बाबांना पन्नाशीनंतर कळलं. तोवर निम्मं गेलं होतं. आता खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जातात, तिथे थांबतात, मग परत येतात. तुमची ती चाचणी त्यांच्या वेळी असती तर..." तो थांबला. कपातला चहा त्याने दोनदा ढवळला, साखर केव्हाच विरघळली होती तरी. "त्या दिवशी घरी जाऊन त्यांना सांगितलं, मी ब्याऐंशी आहे. म्हणाले, कागद दाखव. दाखवला. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी."

बाहेर बारीक पाऊस पडत होता आणि काचेवरून ओघळत होता. ती म्हणाली, "तरी सोडायला हवी, ब्याऐंशी असलं तरी."

"तू म्हणतेस म्हणून आठ केल्यात, मॅडम."

तू आणि मॅडम एकाच वाक्यात बसत नाहीत, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्यातलं एक गाळायचं ठरलं. मॅडम गाळलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी ती दोन कामं करायची. पिचकारीने यंत्रात बरोबर तीन लिटर हवा सोडायची, म्हणजे यंत्राला माप कळायचं. आणि मग स्वतः फुंकायची. तिचा आकडा वर्षानुवर्षं तीन पूर्णांक वीसच्या आसपास यायचा. तो तसा आला की यंत्र ठीक आहे म्हणायचं. वहीतल्या त्या रकान्यावर 'घरचा श्वास' असं लिहिलेलं होतं. म्हणजे तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा श्वास शेवटी तिच्या श्वासावर पारखला जात होता, आणि या गोष्टीचा तिला मनातल्या मनात थोडा अभिमान होता.

तर लिफ्ट अडकली त्या दिवसापासून तो आकडा वाढला होता. तीन छत्तीस, तीन सदतीस, तीन छत्तीस. पहिल्या दिवशी यंत्रानेही विचारलं होतं, मापात फरक दिसतोय, मान्य करायचा का? पण त्याच सकाळी तिने यंत्राची जाळी धुतली होती, धुतल्यावर थोडा फरक पडतो, म्हणून तिने हो म्हटलं होतं. पुढचे आकडे बघून तिला नवल वाटलं. मग जरा गंमत वाटली. आणि मग, खरं सांगायचं तर, ती सुखावली.

आकडेमोडीत आयुष्य काढलेल्या बाईने असा विचार करू नये, पण केला. घरी तिची वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "हल्ली जिना चढताना गुणगुणतेस तू. दम कसा लागत नाही गं तुला?" तिने वहिनीला ताकास तूर लागू दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळी ओठांतून काढताना तिच्या मनात आलं, असेलही. माणसाला बरं वाटायला लागलं की छाती भरून श्वास घेता येत असेल. ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण तिच्या वहीत पाच आठवडे रोज लिहिलं जात होतं. प्रेम म्हणजे सुमारे पाच टक्के, असा तिचा हिशेब झाला. ती एकटीच हसली.

सहाव्या आठवड्यात मोठ्या बाई परत आल्या. त्या या खोलीतल्या जुन्या, तिला हे काम शिकवलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर होत्या. काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या, "आण गं तो चिमटा, माझाही घरचा श्वास घेऊ," म्हणाल्या. त्यांचा आकडा दोन पूर्णांक साठचा. फुंकून झाल्यावर त्यांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं.

"दोन चौऱ्याहत्तर," त्या म्हणाल्या. "हे कसं काय?"

तिने पडद्याजवळ वाकून आकडा पुन्हा वाचला.

"दोन महिने मी पलंगावर लोळत पडले होते. सात किलो वाढले. जिना बघितलेला नाही. माझं फुफ्फुस कशाने सुधारलं?" मोठ्या बाईंनी वही ओढली, बोट रकान्यावरून खाली नेलं. "आणि तुझंही वाढलंय. दोघींचंही पाच टक्क्यांनी. तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं," ती म्हणाली.

"काय वाटलं?"

तिने पिचकारी उचलली, खिडकीशी नेली आणि पहिल्यांदाच नीट पाहिली. दट्ट्या किती मागे ओढायचा ते ठरवणारं एक कडं असतं. त्या कड्याचा स्क्रू ढिला होता आणि कडं बोटाच्या पेरापेक्षा जरा कमी, पण सरळ दिसण्याइतकं सरकलेलं होतं. तीन लिटरची पिचकारी दीडशे मिली कमी भरत होती, आणि यंत्र तेवढ्यालाच तीन लिटर समजून सगळ्यांना पाच टक्के जास्त देत होतं. ओरडून ओरडून लोकांकडून खरा श्वास काढायचा, आणि मग त्यांना खोटा आकडा द्यायचा, असं सहा आठवडे चाललं होतं.

"पडली होती का कधी?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पडली होती. मी मापाला लावली नाही."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी कागद घेतला आणि दोघींनी मिळून यादी काढली. ज्यांचा आकडा ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या मधे होता, ते सगळे खरं तर ऐंशीच्या खाली होते. त्यांना दुसरी चाचणी मिळायला हवी होती. त्यांना 'वर्षाने या' सांगून घरी पाठवलं होतं. असे अकरा जण निघाले. सातव्या ओळीत ब्याऐंशी टक्के होतं, पुढे वय चौतीस, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती. ब्याऐंशीचे झाले अठ्ठ्याहत्तरला थोडे कमी.

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, लिफ्टच्या आचक्यावर ढकललं नाही. डॉक्टर म्हणाले की अकराही जणांना आजच्या आज फोन करा आणि चूक आपली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. दहा फोन तिने केले. अकरावा केला नाही. त्या माणसाला फोनवर सांगायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती जिने चढून गच्चीवर गेली.

लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत होतं. तो दोराला तेल देत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळलेला बघून तिला परत खाली जावंसं वाटलं.

"चूक माझी आहे," तिने पहिलंच वाक्य म्हटलं, आणि मग उरलेलं सगळं सांगितलं. कडं, स्क्रू, दीडशे मिली, पाच टक्के.

तो यंत्रवाला माणूस. त्याला स्क्रू कळला, कडंही कळलं. "दट्ट्याचा थांबा सरकला," तो म्हणाला. "लिफ्टमध्येही होतं तसं. अर्धा इंच." मग त्याने हात पुसले. "म्हणजे माझे किती?"

"अठ्ठ्याहत्तरच्या आत. पण पुन्हा मोजायला हवं. दुसरी चाचणीही करायला हवी."

"म्हणजे पैज मी हरलो होतो."

"हो."

"म्हणजे इतके दिवस तू चहाला आलीस, ते..." त्याने हसायचा प्रयत्न केला. हसू अर्ध्यात अडलं. तो खिडकीकडे वळला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "बाबांना कागद दाखवला होता मी."

"माहीत आहे मला."

"त्यांनी तो आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय."

तिला माफी मागायची होती, पण माफी मागून आपल्यालाच बरं वाटेल, त्याला नाही, हे तिला कळत होतं. "गुरुवारपर्यंत ये," एवढं म्हणून ती निघाली. तो पुन्हा दोराला तेल द्यायला लागला.

तीन दिवसांत दहा जण येऊन गेले. एक जण भांडला, एक हसला, एकाने पुन्हा फुंकायलाच नकार दिला आणि मग अर्ध्या तासाने परत आला. ती प्रत्येकाला पहिल्या वाक्यात चूक सांगत होती. पिचकारी मापाला लागून, नवं प्रमाणपत्र घेऊन आली होती. तिचा घरचा श्वास तीन पूर्णांक वीस झाला होता. एक दिवस तर तीन अठरा आला. कँटीनमधलं टेबल रिकामं राहिलं. पाच टक्के गेले म्हणून एवढं काय बिघडलं, असं ती स्वतःला समजावत होती. पण तो माणूस जिन्याच्या वळणावर कुठे दिसतोय का, हे तिचे डोळे शोधायचे थांबत नव्हते. तिला त्याची आठवण येत होती. यंत्राला यातलं काही मोजता येत नव्हतं, आणि तरी ते होतंच.

गुरुवारी दुपारी चारला काचेचं दार उघडलं. तो आत आला, दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. खुर्चीत बसला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, "बाबांना सांगितलं. सांगायला तीन दिवस लागले, म्हणून उशीर."

"काय म्हणाले?" मोठ्या बाईंनीच विचारलं.

"म्हणाले, चूक त्यांची असो की कुणाची, कळलं ना? मग जा." त्याने नळीकडे पाहिलं. "आणि हो, लिहून घ्या. तीन दिवसांत दोन ओढल्या. खोटं कशाला सांगू."

तिने फेरतपासणीचा अर्ज पुढे ओढला. चूक झाल्यानंतर डॉक्टरांनी हा नवा अर्ज काढला होता आणि त्यात बारीकसारीक सगळं विचारलेलं होतं. नाव, वय, उंची, शेवटची सिगारेट कधी. खाली एक ओळ होती: चाचणी घेणाऱ्याचं तपासणीला आलेल्या माणसाशी नातं आहे का? हो, नाही. हो असेल तर चाचणी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. कारण उघड आहे. आपल्या माणसावर ओरडताना कुणाचा आवाज कमी पडतो, कुणाचा जास्त होतो, आणि दोन्हींनी आकडा बिघडतो. आधीच्या दहा अर्जांवर तिने न बघताच नाहीवर खूण केली होती.

यावेळी तिचं पेन थांबलं. नाहीवर खूण केली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तिने तीन दिवसांपूर्वीच ठरवलं होतं की आता एकही खोटा आकडा, एकही खोटी खूण नको. तिने 'हो' वर खूण केली, पेनाचं टोपण लावलं आणि उठून उभी राहिली.

"बाई, याची चाचणी तुम्ही घ्या. मला नाही घेता येणार."

"का गं?"

तिने अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला, खूण बघितली, मग तिच्याकडे बघितलं, मग खुर्चीतल्या माणसाकडे.

"नातं?" त्या म्हणाल्या. "काय नातं?"

"ते विचारलेलं नाही त्यात."

"अगं पण—"

"आहे का एवढंच विचारलंय, बाई. ते मी खरं लिहिलंय."

खुर्चीतल्या माणसाने मान वर केली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच काही बोलला नाही, कारण मोठ्या बाईंनी तेवढ्यात त्याच्या नाकाला चिमटा लावून नळी ओठांत दिली होती.

ती काचेच्या बाहेर जाऊन उभी राहिली. आतून मोठ्या बाईंचा खणखणीत आवाज येत होता, "फुंक, फुंक, फुंक, अजून, सोड सगळा, राखू नकोस!" ती वर्षानुवर्षं हेच ओरडत आली होती आणि ते बाहेरून कसं ऐकू येतं, हे तिला आज कळलं. भीती वाटते. समोर आपलं माणूस वाकतंय, त्याचा चेहरा लाल होतोय, आणि आपल्याला एक श्वाससुद्धा त्याच्याऐवजी सोडता येत नाही. तीन वेळा त्याने फुंकलं. तीन वेळा तिने काचेच्या चौकटीला घट्ट धरलं.

सत्त्याहत्तर टक्के. पलीकडच्या खोलीतली चाचणी अर्धा तास चालली. तिथे ओरडावं लागत नाही, नुसतं शांत बसून श्वास घ्यायचा असतो. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून सांगितलं की अगदी बारीक नळ्यांमध्ये सुरुवात झालेली आहे. अजून जाणवण्याइतकी नाही, पण मोजता येण्याइतकी आहे. आज थांबलास तर ती बहुतेक इथेच थांबेल, थोडी मागेही जाईल. नाही थांबलास तर वडिलांचा रस्ता. शब्द कडक होते आणि डॉक्टरांनी ते मऊ केले नाहीत.

तो बाहेर आला तेव्हा कॉरिडॉर रिकामा होता. ती बाकावर बसली होती. तो शेजारी बसला. मधे एका माणसाची जागा राहिली.

"मी घाबरले होते," ती म्हणाली. "आताही घाबरलेय. तुला खोटा आकडा मी दिला, आणि खरा आकडा कळला तेव्हा मला आधी भीती वाटली ती तुझ्या फुफ्फुसांची नाही. तू परत येणार नाहीस याची. हेही खरं सांगायलाच हवं."

त्याने तळहातावरचा ग्रीसचा डाग अंगठ्याने घासला.

"गच्चीवर मी रागावलो होतो," तो म्हणाला. "आकड्यावर नाही. मला वाटलं, सगळंच चुकून झालं की काय. तो चहा, ते टेबल... पिचकारी नीट असती तर तू आलीच नसतीस."

"आले नसते," ती म्हणाली. "पैजेसाठी पहिल्या दिवशी आले. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पायांनी आले. त्यात पिचकारीचा हात नव्हता."

त्याने मधली जागा भरून काढली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला, आणि त्याला आज फक्त ग्रीसचा वास होता... आणि जरासा भीतीचा. आतून मोठ्या बाई वही जोरजोरात उलटत होत्या. दोघांना त्यांचं असणं कळावं, एवढ्यासाठीच बहुधा.

"सिगारेट सोडतो," तो म्हणाला. "सोपं जाणार नाही. चिडेन. तुझ्यावरही चिडेन."

"चीड."

"तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. तेव्हा चाचणी कोण घेणार?"

"मोठ्या बाई."

"आणि त्याच्या पुढच्या वेळी?"

"त्याच."

"त्या निवृत्त झाल्या तर?"

"मग दुसरं कुणीतरी येईल. मी नाही." तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "माझ्या हातून तुझी चाचणी आता कधीच होणार नाही."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने एक लांब श्वास घेतला, अगदी छाती भरून, आणि काही न राखता सोडला.